दोन बोटांची जागा

मांजराच्या अंगावर पट्टा चढवला की मानेजवळ आणि छातीखाली दोन बोटं सरकवून बघायची. दोन बोटं जेमतेम गेली पाहिजेत. एकच गेलं तर पट्टा काचतो, तीन गेली तर मांजर त्यातून निघून जातं. चाकणच्या एका कंपनीत मी एकोणीस वर्षं क्वालिटीत आहे, त्यामुळे हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हाच मला ओळखीचा वाटला. भोकाचं माप तपासायला आमच्याकडे गो आणि नो-गो अशी गेजची दोन टोकं असतात. एक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दोन बोटं गो, तीन बोटं नो-गो.

२०२३ च्या गणपतीत, सातव्या दिवशी, आमच्या गोधडीच्या मानेजवळ तीन बोटं जात होती. मला ते सकाळीच कळलं होतं. तरी संध्याकाळी मी तिला खाली घेऊन गेलो. पुढं जे झालं ते घरात मी वेगळं सांगितलं आणि पुष्कळ दिवस तसंच राहू दिलं. ते आज नीट लिहून काढतो आहे.

गोधडी काळी, पांढरी आणि तांबूस अशी तीन रंगांची आहे. ठिगळं जोडल्यासारखं अंग, म्हणून लेकीनं हे नाव ठेवलं. २०२० च्या मे महिन्यात टाळेबंदीनंतर कंपनी सुरू झाली, तेव्हा डिस्पॅचच्या शेडमध्ये पॅलेटच्या थप्पीमागे, एका निळ्या बिनमध्ये, मांजरीनं तीन पिल्लं वाढवलेली सापडली. दीड-दोन महिने तिथं माणूस फिरकला नव्हता. फोर्कलिफ्ट चालू व्हायची होती, बिन हलवायचे होते. दोन पिल्लं पळाली, एक हाताला लागलं. ते मी डब्याच्या पिशवीत घालून रहाटणीला आणलं. शेजारी, नातेवाईक, कंपनीतले, सगळ्यांना एकच सांगितलं, वाचवलं.

हा शब्द मी वर्षानुवर्षं वापरला. दुसऱ्या दिवशी सकाळी मांजरी शेडच्या शटरपाशी फिरत होती. तिच्या तोंडून येणारा आवाज नेहमीच्या म्यावसारखा नव्हता. घशातून ओढून काढल्यासारखा, खोल, थांबून थांबून येणारा. गेटवरचा म्हणाला, "साहेब, रात्रभर हेच चाललंय तिचं." ती तीन दिवस येत राहिली. त्या तीन दिवसांत डिस्पॅचची माझी सगळी कामं मी फोनवर केली, शेडकडं गेलो नाही. पिल्लू परत नेता आलं असतं. पिशवीत घालून आणलं होतं तसंच नेता आलं असतं. पण तोवर लेकीनं त्याला नाव दिलं होतं, रात्री ते माझ्या मानेपाशी झोपलं होतं, आणि मला ते हवं होतं. फोर्कलिफ्टखाली ते सापडलं असतं की नाही, कोण सांगणार? एवढं मात्र मी डोळ्यांनी पाहिलं की मागं राहिलेली दोन्ही पिल्लं जगली, मोठी झाली. त्यातला एक बोका पुढं कँटीनच्या मागं दिसायचा.

तर अशी ही उघड्यावर जन्मलेली मांजर रहाटणीतल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर राहायला आली. सगळ्या खिडक्यांना कबुतरांसाठी लावतात ती जाळी. खाली पार्किंग, त्यापलीकडं अजून बांधकाम न झालेला एक तुकडा, त्यात गवत आणि सुबाभूळ. पूर्वी हा सगळा भाग शेतांचा होता, पवनेच्या पाण्यावर पिकणारा. आता मळा हा शब्द पत्त्यांत आणि जुन्या माणसांच्या बोलण्यात उरला आहे. त्या तुकड्याकडं बघत गोधडी दिवसातून दोनदा खिडकीत बसायची. पहाटे, आणि दिवेलागणीला. मांजराचं शरीर या दोन वेळांसाठीच घडलेलं असतं, कारण उंदीर आणि चिमण्या तेव्हा जास्त हलतात. पहिल्या पाळीला मी पाचला उठून कोकणे चौकात कंपनीच्या बसची वाट बघायला निघायचो, तेव्हा घरात मी आणि ती एवढेच जागे असायचो. मी बूट घालायचो, ती जाळीला नाक लावून बसलेली असायची. जाळीच्या गाठींचे ठसे तिच्या नाकावर उमटलेले मी पाहिले आहेत.

ते बघवेना, म्हणून पट्टा आणला. एवढं खरं आहे, आणि ते मी स्वतःच्या बाजूनं लिहितो. मोकळं सोडणं शक्य नव्हतं. खाली कुत्र्यांची टोळी आहे, रात्रंदिवस दुचाक्या आहेत, बीआरटीचा रस्ता हाकेवर आहे. शिवाय मोकळं मांजर पक्ष्यांना सोडत नाही. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली हिशेब मांडला होता की तिथली मोकाट आणि पाळीव मांजरं मिळून वर्षाला अब्जावर पक्षी मारतात. न्यूझीलंडजवळच्या स्टीफन्स बेटावर दीपगृह बांधलं गेलं, मांजरं आली, आणि तिथला न उडणारा एक चिमुकला पक्षी १८९५ च्या सुमारास पृथ्वीवरून गेला. म्हणजे बाहेर न्यायचं तर धरून न्यायचं, हा विचार चुकीचा नव्हता. लसी दिल्या. रेबीजची, आणि मांजरांच्या त्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या रोगाची, ज्याचा विषाणू जमिनीवर वर्षभरसुद्धा टिकतो आणि आपल्या चपलेबरोबर घरात येतो. गळ्यात पट्टा नको, छातीवर बसणारा हवा, हेही वाचून घेतलं. ऑनलाइन मागवला, ५४९ रुपयांना.

सुरुवातीचे दिवस चांगले होते. दोन आठवडे घरातच सराव केला. पट्टा चढवला की ती पोट फरशीला टेकवून आडवी व्हायची, जणू पाठीवर काहीतरी भलं मोठं ठेवलं आहे. हळूहळू चालायला लागली. मग दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात मी तिला पहाटे साडेचारला खाली नेऊ लागलो. पहिल्या दिवशी ती एका ॲक्टिव्हाच्या मागच्या चाकापाशी अकरा मिनिटं उभी होती. टायरची एक एक खाच हुंगत. मधेच तोंड अर्धवट उघडून, वरचा ओठ मुडपून, डोळे कुठंतरी लांब लावून थांबायची. मला वाटलं तिला मळमळतं आहे. नंतर समजलं की मांजराच्या टाळूत वास चाखण्याचं एक वेगळं इंद्रिय असतं, आणि ते तसं तोंड करून वास आत ओढून घेतं. म्हणजे त्या टायरवर कुठली कुठली मांजरं, कुठले कुत्रे, कुठल्या रस्त्यावरचा चिखल येऊन बसला होता, ते सगळं ती वाचत होती. दोरी सैल होती. मी पायरीवर बसलो होतो. पाच फुटांच्या दोरीच्या दोन्ही टोकांना दोन जीव स्वस्थ होते. त्या पहाटेबद्दल मला कुठलाच पश्चात्ताप नाही.

बिघडलं ते वेळ बदलल्यावर. एकदा संध्याकाळी नेलं आणि मुलं गोळा झाली. "काका, हे चावतं का? काका, हे कुत्र्यासारखं चालतं?" कुणीतरी व्हिडिओ काढला, तो सोसायटीच्या ग्रुपवर फिरला. लिफ्टमध्ये अनोळखी माणसं बोलू लागली. वीस वर्षं या गावात राहतो. पहाटे जातो, रात्री येतो, किंवा दुपारी जातो आणि मध्यरात्री येतो. नाशिक फाटा, भोसरी, मोशी, चाकण, आणि तोच रस्ता उलटा. इथं कुणी मला नावानं ओळखत नव्हतं. आता मांजरवाले काका म्हणून ओळखू लागले. मला ते आवडलं. फार आवडलं. आणि गोधडीची पहाटेची वेळ बंद होऊन माझी संध्याकाळची वेळ कधी सुरू झाली, ते माझं मला कळलंही नाही. संध्याकाळी पार्किंगमध्ये गाड्या येत असतात, हॉर्न असतात, पोरं सायकली दामटत असतात. ती माझ्या दोन पायांच्या मधून चालायची. लोक म्हणायचे, किती लळा आहे बघा. ती आडोसा शोधत होती.

पहिल्या मजल्यावरच्या आजी गावठाणातल्या. मुलानं फ्लॅट घेतला म्हणून इथं आल्या, पण दावणीला जनावरं बांधलेल्या घरात जन्म गेला. त्या एकदा कठड्यावर बसल्या होत्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "मांजराला दावं लावलंस व्हय रं? म्हशीला दावं, बैलाला कासरा, कुत्र्याला साखळी. मांजराला काय म्हणायचं त्याला?" मी म्हणालो, हार्नेस म्हणतात आजी. त्यांनी मान हलवली. "त्ये त्याच्या मनानं येतंय आन् त्याच्या मनानं जातंय."

ते मी तेव्हा हसून सोडून दिलं. पण खरंच, मराठीत दोरखंडांना किती नावं आहेत. दावं, कासरा, वेसण, म्होरकी, लगाम. जनावरागणिक वेगळी, बांधायच्या जागेगणिक वेगळी. मांजराच्या वाट्याला एकही नाही. श्राद्धाच्या दिवशी त्याला डालग्याखाली झाकायचे, तेही तेवढ्यापुरतं. कुणी त्याला रानातून पकडून माणसाळवलं नव्हतं. माणसानं धान्य साठवलं, धान्याला उंदीर लागले, उंदरांमागं मांजर आपण होऊन आलं. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं एक मांजर २००४ साली प्रकाशात आलं, ते साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं आहे. इजिप्तच्या थडग्यांतल्या चित्रांत खुर्चीच्या पायाला दोरीनं बांधलेलं मांजरही दिसतं, तेव्हा मी काही जगात पहिला नाही. पण आपल्याकडचं घरातलं मांजर म्हटलं की मला ‘श्यामची आई’मधली मथी आठवते. श्यामच्या आईची लाडकी मांजर. आई अंथरुणाला खिळली तशी तिनं खाणं टाकलं, आणि आईपाठोपाठ गेली. लहानपणी ते वाचताना मी रडलो होतो. मथीच्या गळ्यात काही नव्हतं, दार उघडं होतं. गोधडी माझ्या पायात घोटाळते तेव्हा त्यात किती लळा आणि किती बंद दार, हे मी कशावरून ठरवू?

आता तो दिवस.

सकाळी पट्टा घालून बघितला तेव्हा मानेजवळ तीन बोटं गेली. थंडीत अंग भरलं होतं तेव्हा मी तो सैल केला होता, उन्हाळ्यात ती रोडावली, माप तसंच राहिलं. घट्ट करायला एक मिनिट लागलं असतं. एका बाजूची पट्टी ओढून घ्यायची, बस. बसची वेळ झाली होती, म्हटलं आल्यावर करू. पाळी संपवून चारला घरी आलो तर खाली सोसायटीच्या गणपतीच्या विसर्जनाची तयारी. टेम्पो सजवलेला, ढोल आणलेले, शेजारच्या विंगमध्ये पाहुणे. मुलांनी खालून हाका मारल्या, "काका, गोधडीला आणा ना!" मी पट्टा हातात घेतला. गोधडी सोफ्याखाली गेली. मी हात घालून तिला बाहेर ओढलं, पट्टा चढवला. दारापाशी ती फरशीला चिकटली, कान बाजूला पडलेले, डोळ्यांत नुसती काळी बाहुली. बायको म्हणाली, "अहो, कान बघा तिचे. आज नका नेऊ." मी म्हणालो, "दोन मिनिटं. पोरं थांबलीत." आणि तिला उचलून घेतलं. माप घट्ट करायचं आठवलं होतं. लिफ्ट आली होती.

खाली तिला जमिनीवर ठेवलं. दहा-बारा जण गोल करून उभे, दोघांचे मोबाइल वर. ताशावर पहिली काडी पडली. आपल्या कानाला वीस हजार हर्ट्झच्या पुढचं ऐकू येत नाही, मांजराला त्याच्या तिपटीहून जास्त ऐकू येतं. ताशाचा तो कडकडाट तिच्या आत कसा गेला असेल याची मी कल्पनाही करू शकत नाही. ती मागं सरकू लागली. मान खाली, खांदे आवळलेले. मांजराचं गळपट्टीचं हाड दुसऱ्या हाडांना जोडलेलं नसतं, स्नायूंत नुसतं तरंगत असतं, म्हणून डोकं जिथून जाईल तिथून ते खांदे काढून घेतं. मांजर मागं सरकायला लागलं की दोरी कधी ओढायची नाही. आपण त्याच्या दिशेनं जायचं, खाली बसायचं, दोरी ढिली सोडायची. हे मी वाचलं होतं. दुसऱ्यांना सांगितलंही होतं.

मी दोरी ओढली. लोक बघत होते, म्हणून ओढली. माझं मांजर माझं ऐकतं, हे दिसायला हवं होतं. एका बाजूनं ती मागं, दुसऱ्या बाजूनं मी पुढं, आणि पट्टा तिच्या डोक्यावरून उलटा निघून आला. हातातली दोरी एकदम हलकी झाली. तांबूस-काळं काहीतरी गाड्यांच्या खालून गेलेलं दिसलं, एवढंच.

पट्टा जमिनीवर पडला होता. दोन्ही बक्कलं लागलेली होती. मी तो उचलून खिशात घातला. थोडी शोधाशोध करून टॉर्च आणायला वर निघालो तेव्हा लिफ्टमध्ये एकटाच होतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये मी खिशात हात घातला आणि अंगठ्यानं एक बक्कल दाबून उघडलं. तो आवाज माझ्या कानात आहे. दारात लेक उभी होती. मी पट्टा दाखवला आणि म्हणालो, "बक्कल सुटलं गं."

ती बारा वर्षांची होती. दोन रात्री ती झोपली नाही. तिनं हातानं चित्र काढून, तीन रंग भरून कागद चिकटवले. बायकोनं तव्यावर सुकट भाजून वाटीत घेतलं आणि त्या वासावर ती येईल म्हणून विंगाविंगांतून फिरली. मी लांब लांब जाऊन शोधत होतो, रहाटणी फाट्यापर्यंत, नदीच्या बाजूला. दूर शोधलं की जास्त शोधल्यासारखं वाटतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचं २०१८ सालचं एक काम मी नंतर वाचलं. हरवलेल्या मांजरांपैकी तीन चतुर्थांश पाचशे मीटरच्या आत सापडतात, आणि घरात वाढलेलं मांजर तर बहुधा हाकेच्या अंतरावर दडून बसतं. तिसऱ्या पहाटे पावणेचारला, सगळं शांत झाल्यावर, गोधडी पंपरूममध्ये मोटरच्या मागं सापडली. ती निसटली त्या जागेपासून तीस पावलं असतील. पुढच्या पायांची नखं फाटलेली, एक गादी चिरलेली, अंगाला ग्रीस. मी हात पुढं केला तेव्हा ती कडकडून चावली. अंगठ्याच्या मुळाशी त्या दोन दातांच्या खुणा आहेत.

घरात आल्यावर लेकीनं तक्रार लिहायला घेतली. उघड्या बक्कलाचा फोटो काढला, सगळी हकिकत लिहिली, एक तारा दिला. मी शेजारी बसून होतो. तिनं विचारलं, "बाबा, ‘तकलादू’ असं लिहू?" मी म्हणालो, लिही. चार दिवसांत ५४९ रुपये परत आले. तो पट्टा कुठंतरी कुणीतरी मशीनवर बसून शिवला असेल. शिलाई सरळ होती, टोकाला तीनदा उलट टाका मारलेला होता. बक्कल मी नंतर शंभरदा उघड-बंद करून बघितलं. ते कधीच आपोआप सुटलं नाही.

माझं रोजचं काम काय आहे? सप्लायरकडून खराब माल आला की मी त्याच्याकडून लेखी कारण मागतो. त्यानं ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष, समज दिली’ एवढंच लिहिलं की मी कागद परत पाठवतो. विचारतो, दुर्लक्ष का झालं? त्याचं का? त्याच्याही मागचं का? पाच वेळा ‘का’ विचारल्याशिवाय मूळ सापडत नाही, हे मी नव्या पोरांना फळ्यावर लिहून शिकवतो. लिफ्टमधला तो अंगठा आठवताना मला एक जुना कागद आठवतो. पंधरा वर्षांपूर्वी आमच्याच लाइनवर एक लॉट नापास झाला होता. फिक्स्चर झिजलं होतं, ते तपासायची तारीख मी दोनदा पुढं ढकलली होती. कागदावर मी लिहिलं, ऑपरेटरचं दुर्लक्ष. तो ठेकेदाराकडचा मुलगा होता, मराठवाड्यातून आलेला, थेरगावात सहा जणांत एक खोली करून राहायचा. पुढच्या महिन्यात त्याच्या जागी दुसरा आला. मी ठेकेदाराला काही विचारलं नाही. आता तो मुलगा कुठं आहे ते शोधायला गेलो तर त्याचं आडनावसुद्धा मला धड आठवत नाही. म्हणजे बक्कल उघडणारा अंगठा त्या दिवशी लिफ्टमध्ये तयार झाला नव्हता. त्याला सवय होती.

कायद्याच्या नजरेतून मी सुटतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला अवाजवी आखूड किंवा जड दोरीनं अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. माझी दोरी हलकी होती, पाच फुटांची होती, वेळ दहा मिनिटांचा. पण आमच्या भागात बैलगाडा शर्यतींवरून वर्षानुवर्षं वाद चालला. आमच्या लाइनवरची निम्मी पोरं खेड आणि मावळातली आहेत, कँटीनमध्ये दुसरा विषय नसायचा. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या, तेव्हा निकालात प्राण्यांची पाच स्वातंत्र्यं सांगितली होती. भूक-तहान नसावी, गैरसोय नसावी, वेदना आणि रोग नसावा, भीती आणि त्रास नसावा, आणि आपल्या स्वभावाप्रमाणे वागता यावं. २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा मान्य केला आणि शर्यती कायमच्या सुरू झाल्या. कँटीनमध्ये मी बैलांच्या बाजूनं पोटतिडकीनं बोलत असे. त्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. पण चौथं आणि पाचवं स्वातंत्र्य माझ्याच घरात एकमेकांसमोर उभी होती, हे मला दिसलं नाही. कोंडून ठेवलं तर स्वभाव मरतो, बाहेर नेलं तर भीती. या पेचावर ब्रिटनमधल्या आरएसपीसीए या प्राणिकल्याणाच्या जुन्या संस्थेनं मांजराला दोरीनं फिरवण्याबद्दल सावध केलं आहे. आपल्या हालचालीवर आपला ताबा असणं मांजराला फार मोलाचं असतं, आणि दोरी नेमका तोच काढून घेते. मी वाचलं तेव्हा वाटलं, आजींनी कठड्यावर बसून हेच सांगितलं होतं.

मग फिरवणंच का सोडून दिलं नाही? पाच महिने दिलं होतं. पट्टा नाही, दार नाही. ती पुन्हा जाळीला नाक लावून बसू लागली. त्यातून नवीन पट्टा आणला, या वेळी लहान मापाचा, आणि तो नुसता तिच्या ताटलीशेजारी ठेवून दिला. तीन आठवडे कुणी हात लावला नाही. ती हुंगायची, त्यावर गाल घासायची. एके दिवशी त्यावरच झोपली. आता तिसऱ्या पाळीहून आलो की सकाळचे साडेसात होतात, तेव्हा काही करत नाही. पहिल्या पाळीच्या आठवड्यात मात्र चारला उठतो. पट्टा हातात धरून खाली बसतो. ती आली तर घालतो. नाही आली तर बूट घालतो. आठवड्यात दोनदा येते, कधी एकदाही नाही. दार उघडं ठेवतो आणि उंबऱ्यापाशी थांबतो. ती जिन्यानं वर जाते, गच्चीच्या दिशेनं. खाली जात नाही, पार्किंगचा वास आला की वळते. अकरा पायऱ्या चढायला तिला वीस मिनिटं लागतात. मधल्या टप्प्यावर खिडकी आहे, जाळी नसलेली, तिथं ती बसते आणि मी एक पायरी खाली बसतो. तिला यात सुख आहे की ही फक्त कमी भीती आहे, ते मला सांगता येत नाही. परत फिरायचं तिनं ठरवलं की आम्ही परत फिरतो, इतकं मी पाळतो.

गेल्या महिन्यात लेक फोनवर मैत्रिणीशी बोलत होती. मैत्रिणीनं मांजर आणलं आहे, पट्टा घ्यायचा आहे. माझी लेक तिला म्हणाली, "त्या कंपनीचा नको घेऊस, बक्कल तकलादू असतं. माझे बाबा क्वालिटीत आहेत, त्यांनी चेक केलं होतं."

मी स्वयंपाकघरात पाणी पीत होतो. पेला ठेवला आणि तिच्या खोलीत गेलो. सगळं सांगितलं. तीन बोटं, दोरी, लिफ्ट, अंगठा. पेटीतून तो जुना पट्टा काढून बक्कल लावून दाखवलं आणि म्हणालो, ओढ. तिनं ओढलं. पुन्हा ओढलं. सुटलं नाही. बायको दारात येऊन उभी राहिली होती. ती काही बोलली नाही, फक्त माझ्या अंगठ्याकडं बघितलं.

लेकीनं विचारलं, "मग ते पैसे?"

मी म्हणालो, परत द्यायचे आहेत. त्या विक्रेत्याला मी लिहिलं आहे, उत्तर आलेलं नाही. तक्रार तिनं त्याच रात्री काढून टाकली. मैत्रिणीला फोन करून काय सांगितलं ते मी ऐकायला थांबलो नाही.

परवा पहाटे गोधडी आपण होऊन पट्ट्यापाशी आली. मी चढवला, मानेजवळ बोटं घालून बघितली, छातीखाली बघितली. दोन बोटं. दाराकडं निघालो तेव्हा लेक डोळे चोळत बाहेर आली. चारला ती कधी उठत नाही. गोधडीशेजारी उकिडवी बसली आणि तिनं स्वतःची दोन बोटं पट्ट्याखाली सरकवली, आधी मानेजवळ, मग छातीखाली. मग बाजूला झाली आणि म्हणाली, "आता जा."

काल पुन्हा तसंच. मी तपासून झाल्यावर.